अक्कांची हजेरी

आमच्या कॉलेजात कुणाचाही सत्कार असो, सुमित्राक्का टाळ्या वाजवत नसत. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसत. पुण्याहून नवाच शिकवायला आलेला मी एकदा शेजारी बसून जोरजोरात टाळ्या पिटत होतो, तर म्हणाल्या, "स्वल्प जपून रे. हात तुझे दुखतील, आणि त्या लेकराच्या पदरात काही पडायचं नाही."

अक्का वनस्पतिशास्त्र शिकवत आणि कॉलेजचा सेवा विभाग सांभाळत. घर बेंगळुरूच्या चिकपेटेतलं, पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या धंद्यातलं. मुलं जिथे सेवेला जात तिथे जाऊन त्या स्वतः हजेरी घेत, वर्गात घेतात तशीच, नाव पुकारून. दवाखान्याच्या आवारात मुलं "प्रेझेंट" म्हणून ओरडू लागली की रुग्णसुद्धा हसायचे. कॉलेज मात्र ती हजेरी धरत नसे. वर्षाच्या शेवटी एक शील्ड दिलं की संपलं. "पानात नुसतं लोणचं वाढतात," अक्का चिडून म्हणत. "भात कुठाय?"

निपाणीकडची रेणुका त्यांची लाडकी. सीमाभागातून मोठ्या सरकारी दवाखान्यात आलेली माणसं तिथल्या खिडक्यांपुढे बावरून जात. बेंगळुरूचं भरभर कन्नड कळत नाही, इंग्रजीचं तर नावच नको. रेणुका त्यांना हाताला धरून एका खिडकीवरून दुसरीकडे नेई, डॉक्टरांचं बोलणं मराठीत समजावून सांगे. रुग्णांचं डायलिसिस सकाळी, आणि कॉलेजचे तासही सकाळीच. व्हायचं तेच झालं. समारंभाच्या आठवड्यात फाटकावर 'सर्वोत्कृष्ट स्वयंसेविका' म्हणून तिचा भलामोठा फोटो लागला, आणि आत सूचनाफलकावर, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता न येणाऱ्यांत तिचं नाव.

"वर्ष बुडालं तर बाबा परत न्यायला येतील, अक्का," ती रडत म्हणाली. "मग कसलं कॉलेज न्‌ कसलं काय."

अक्का तडक प्राचार्यांकडे गेल्या. मीही मागोमाग होतो.

"नियम म्हणजे नियम, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "पण शील्ड देतोय की आपण तिला!"

"सरी, ठीक आहे," म्हणून अक्का उठल्या. त्यांच्या 'सरी'ला होकार समजण्याची चूक प्राचार्यांनी केली.

समारंभात माईकवर रेणुकाचं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेतून बसल्या जागेवरून खणखणीत उत्तर आलं, "ॲब्सेंट!"

नाव पुन्हा पुकारलं. आता मागच्या रांगांतून सेवा विभागाची सगळी मुलं ओरडली, "ॲब्सेंट!" रेणुका त्यांच्यातच बसली होती, डोळे भरलेले, पण मान ताठ. पाहुणे शील्ड हातात धरून गोंधळले. "फाटकावरच्या फोटोतली मुलगी तर समोर दिसतेय," ते म्हणाले.

अक्का उभ्या राहिल्या. "तुमचा फलक सांगतो ती गैरहजर होती म्हणून. रुग्णाजवळ उभी असताना जी गैरहजर, ती शील्ड घ्यायला हजर कशी होईल, सर? दोन्हीकडे हजर धरा, नाहीतर ते शील्ड कपाटात ठेवा."

पाहुण्यांसमोर प्राचार्यांची पंचाईत झाली. सेवेच्या तासांची हजेरी रेणुकापासूनच धरली जाईल, असं त्यांना माईकवर कबूल करावं लागलं. मग रेणुका वर गेली. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली, पण अक्कांची हाताची घडी काही सुटली नाही. ती सुटली पुढच्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये, रेणुकाने हॉल तिकीट आणून दाखवलं तेव्हा. एकट्याच टाळ्या वाजवत राहिल्या.

अक्का जाऊन आता दोन वर्षं होतील. विभाग माझ्याकडे आहे. परवा नव्या प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "ती हजेरीची सवलत बंद करू या," ते म्हणाले. "त्याऐवजी शील्ड मोठं देऊ."

"सरी, सर," मी उठत म्हटलं. "समारंभात नाव मात्र तुम्हीच पुकारा. उत्तर द्यायला पहिल्या रांगेत मी आहे."