फुकटचं प्यादं

वेताच्या खुर्च्या विणण्यात खुर्चीवाल्या अण्णांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बुद्धिबळातही नाही, असं ते स्वतःच सांगत! दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत जावयाला हरवायचं, हा त्यांचा नेम. चार वर्षांत जावई एकदाही जिंकला नव्हता, आणि आता नेमकं तेच अण्णांना खुपायला लागलं होतं.

"तुझा नवरा मुद्दाम हरतो का गं?" त्यांनी मुलीला विचारलं. "सासऱ्याचा मान म्हणून? मग माझ्या जिंकण्याला काय अर्थ! वाचनालयाच्या स्पर्धेत आता शेवटचा डाव आमच्या दोघांतच आहे. जावईपण घरी ठेवून या म्हणावं."

"तुम्हीच विचारा की," ती हसून म्हणाली. पण विचारायला अण्णांची जीभ रेटेना.

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयात अण्णांनी नेहमीचीच सुरुवात केली. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. वीण काय नि डाव काय, एकदा बसलं ते बदलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तिसऱ्या चालीला जावयाने आपला घोडा उचलून पटाच्या मधोमध आणला, आणि त्याचं राजापुढचं प्यादं उघडं पडलं. राखायला कोणी नाही!

अण्णांची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे संशय खरा! चार लोकांत दानधर्म? "भीक नको मला, जावईबापू," असं पुटपुटत त्यांनी रागारागाने ते प्यादं मारलं.

जावयाने वजीर बाहेर काढला. अण्णांनी तणतणत आणखी एक प्यादं मारलं. राग डोक्यात शिरला की पट कुठला दिसतोय! सातव्या चालीला जावयाच्या घोड्याने शह दिला. राजाला सरकायला एक घर नाही, चहूकडून आपलीच माणसं. मात!

जावयाचे कान लाल झाले. "माफ करा, अण्णा. तुमची सुरुवात ठरलेली, म्हणून महिनाभर हाच सापळा घोकत होतो."

"आणि रविवारी? खरं सांगा."

"जीव तोडून खेळतो हो!"

"आणि घरी येऊन ताटावर तोंड पाडून बसतो," डाव बघायला आलेली मुलगी म्हणाली. "चार वर्षं माझ्या रविवारचा विचका झालाय, बाबा!"

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे ते सगळे डाव मी खरेच जिंकलो?"

चषक गमावून इतका खुललेला माणूस वाचनालयाने कधी पाहिला नव्हता. जावयाच्या पाठीत त्यांनी सणसणीत धपाटा घातला.

"रविवारी या! सुरुवात तीच करणार, आधीच सांगून ठेवतो. फक्त ते प्यादं आता मी खायचा नाही."