थांबाताईंनी दिलेलं उत्तर

थांबाताई कुणाच्याही घाईला भीक घालत नसत. शहापुरात माझं सिमेंट-पत्र्याचं दुकान, मुरबाडला शाखा. दोन्हीकडचे संगणक त्या वाशिंदहून येऊन सांभाळत. काही बिघडलं की आधी "थांबा", मग पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं, त्यानंतरच यंत्राला हात. मेहनतान्यात मी घासाघीस करायला लागलो की "थांबा, शेठ" म्हणून चहा संपवायच्या आणि तोच आकडा पुन्हा सांगायच्या.

मुरबाडच्या मॅनेजरला मी हाताला धरून धंदा शिकवला. त्यानं माझ्याच शाखेसमोर स्वतःचं दुकान टाकलं. आजही तिथून जाताना मी मान वळवतो. नोकरी सोडली तरी त्याला घरच्या संगणकावरून माझे भाव, माझी गिऱ्हाइकं दिसत होती. ते बघायची त्याची परवानगी काढून घ्यायला मी ताईंना घाईघाईनं हिशेबनिसाच्या यंत्रावर बसवलं. त्यांनी गिऱ्हाइकांच्या यादीसाठी यंत्राला तसा हुकूम दिला. पडद्यावर इशारा आला: कोणतीही परवानगी काढता आली नाही. खाली तोच इशारा पुन्हा.

"दोनदा? म्हणजे त्यानं दोन चोरवाटा ठेवल्यात!" मी ओरडलो. "एक तुमीच दिली असेल. तोही वाशिंदचाच ना?"

"थांबा. ओरडून यंत्र ऐकत नाय."

दोन्ही ओळी वहीत गेल्या. मग त्यांनी सरावाच्या एका यादीवर तोच हुकूम दिला. ती बघायची परवानगी मॅनेजरला कधी दिलीच नव्हती. तरी इशारे दोनच.

"बघा. यंत्र आधी अख्खी यादी बघतं, मग तिच्यातले रकाने. एकच उत्तर दोनदा देतं. चोरवाटा नायत."

"मग परवानगी निघत का नाही?"

"आपण हिशेबनिसाच्या नावानं आत आलोय. ती दिलीय तुमच्या नावानं. दिलीत तुमी, काढा पण तुमीच."

खरंच होतं. शाखा उघडली त्या दिवशी कौतुकानं मीच दिली होती. माझा परवलीचा शब्द टाकून एकेक अक्षर मीच दाबलं. इशारा आला नाही; मॅनेजर यंत्राबाहेर गेला. मी चहा मागवला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी ते वाशिंदचं बोललात ते मागं घ्या."

घेतलं.

पुढे त्यांनी मुरबाडला स्वतःचा संगणक वर्ग काढला. निरोपाला आल्या, वही हिशेबनिसाकडे दिली आणि म्हणाल्या, "आता माझी परवानगी काढा, शेठ."

"राहू दे की. तुमी काय परक्या?"

"गेलेल्या माणसाला दार उघडं ठेवायचं नाय. उद्या काय बिघडलं तर माझ्यावरच ओरडाल."

मी बसलो, हुकूम दिला. पडदा गप्प, परवानगी निघाली. दोन सोडा, एखादा तरी इशारा यावा असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मुलीचं नाव त्यांच्या वर्गात घातलं. फी ऐकून सवयीनं तोंड उघडलं, आणि ताईंनी काही म्हणायच्या आत मिटलं.