माकडाच्या पुस्तकावरची चिठ्ठी

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भांडणाचं. साल ऐंशीच्या पुढचं. तुमसरात माझं रद्दीचं दुकान. मी रद्दी आणायचो, बायको ती निवडून किराणावाल्यांसाठी कागदी पुडे खळीनं चिकटवायची. ती चौथी शिकलेली, मी दुसरीतून पळालेला, म्हणून वाचायचं खातं तिच्याकडे.

मोहाडीचे एक रिटायर गुरुजी मुलांची जुनी पुस्तकं जमवायचे, पण पहिली आवृत्तीच पाहिजे. त्यांनीच आम्हाला शिकवलं. नावाचं पान उलटा, मागे आवृत्त्या एकाखाली एक छापतात. पहिलीच्या खाली काही नसलं तरच ती पहिली. माझं वाचन असं, की एका ओळीतच धाप लागते. 'पहिली आवृत्ती' दिसली की मी थांबायचो.

गुरुजी कितीतरी वर्षं शोधत होते ते माकडाच्या चित्राचं पुस्तक मला सापडलं. मी भर बाजारात दहा माणसांत गुरुजींना सांगून टाकलं, पहिली आहे, उद्या सकाळी घरून घेऊन जा. घरी बायकोनं खालच्या दोन ओळी वाचल्या. तिसरी निघाली. आता बाजारात तोंड कसं दाखवायचं? किंमत वाढली की छापणारे पुस्तकावर नव्या किमतीची चिठ्ठी लावतात. तसली एक मी दुसऱ्या पुस्तकावरून काढली आणि बायकोच्याच खळीनं त्या दोन ओळींवर बसवली.

दुपारी तिच्या नजरेस पडलं.

"हे चिठ्ठी कायले लावली जी?"

"किंमत वाढली."

"किंमत वाढली, आन् आवृत्ती घटली?"

मी म्हटलं, तुला धंद्यातलं समजत नाही. ती म्हणाली, "ज्यानं शिकवलं त्याईलेच फसवून राहिले तुमी. काढा ते." मी म्हटलं, उद्या पाहू. तिनं माझ्या ताटात मुद्दाम भाजी कमी वाढली, स्वतः जेवली आणि जरा पडते म्हणून खाटेवर आडवी झाली. चहाच्या वेळी हाक मारली, उठली नाही. वाटलं, रुसली. जन्मात पहिल्यांदा मी चहा केला, तिच्याजवळ नेला. हात लावला तेव्हा समजलं. दिवस बुडायच्या आत स्मशानातलं सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं, बाजारातली ती दहाही त्यात. मी ओलं फडकं घेऊन ती चिठ्ठी भिजवत बसलो. माझा साळा, बायकोचा भाऊ, म्हणाला, "भाटवे, आजच्या दिवशी रद्दी कायले घेऊन बसले?" मी फडकं आणखी भिजवलं. तिची खळ लई पक्की. चिठ्ठी सुटली ती दोन्ही ओळी सोलून घेऊनच सुटली. पानावर फक्त पहिली उरली. फसवणं आणखी सोपं झालं.

तेवढ्यात गुरुजी आले. दारातच त्यांना कळलं, तसे हात जोडून परत फिरू लागले. मी त्यांना थांबवलं आणि बाजारातल्या त्याच माणसांसमोर पान उघडून दाखवलं.

"याच्या खाली दोन ओळी होत्या, गुरुजी. तिसरी आवृत्ती आहे. तिनं वाचली होती, मी झाकली."