पिंजऱ्यात बोलायचं नाही

आयुष्यभर चौथीचा वर्ग सांभाळला, तेव्हा बोलणं हा माझा धंदाच. घरी आल्यावरही तोंडाची टकळी चालूच असायची. पुढे हे गेले, मुलगा कॅनडाला, आणि देवपूरच्या तीन खोल्यांत माझ्यावर भिंतींशी बोलायची वेळ आली. शेवटी घराला कुलूप लावलं, भडगावात एक खोली घेतली आणि गिरणाकाठच्या वटवाघूळ केंद्रावर कामाला जायला लागले. लोकांनी नाकं मुरडली. "बाई, दुसरं काही मिळालं नाही का? वाघळं म्हणजे अपशकुन!" म्हटलं, माझ्या घरात आता आणखी कसला अपशकुन व्हायचा राहिलाय?

विजेच्या तारांना चिकटून, मांजात अडकून पंख गेलेली वाघळं आमच्याकडे कायमची असतात. त्यांना तिथेच पिल्लं होतात. ती वाढवायची आणि पोळा झाला की बाहेरच्या चिंचांवरच्या वाघळांत सोडायची, हे आमचं काम. मोठ्या पिंजऱ्याला छताशी एक झडप आहे, ती त्या दिवसांत तिन्हीसांजेला उघडतात. रेबीजची इंजेक्शनं आधी घ्यायची, हातात मोजे घालायचे, पिल्लाला नाव ठेवायचं नाही. आणि पिल्लाचं दूध सुटून ते मोठ्या पिंजऱ्यात गेलं की त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली तर ते माणसाकडेच येणार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात ऊन असं तापलं की एक मादी दुपारीच गेली. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू जिवंत होतं, ते माझ्या वाट्याला आलं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्याला सिरिंजने थेंब थेंब दूध पाजायचं. मी बोलायचे आणि ते कान हलवत ऐकायचं. एवढं मन लावून ऐकणारं पोर माझ्या वर्गात एक नव्हतं हो!

त्याला मी काय काय सांगितलं! भाजीवाली वजनात कशी मारते, मुलाचा फोन रविवारीच का येतो. आणि एके दिवशी तेही सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी हे सारखे बोलत होते, कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी उकरून काढत होते. मी दमले होते. "आता गप्प बसा बरं जरा," म्हणून खेकसले. ते गप्प बसले. सकाळी उठलेच नाहीत. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं.

पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात गेल्यावर मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. फळं टांगता टांगता हळूच बोलायचेच. केंद्रावर केळी-पपया कापणाऱ्या आबांच्या ते कानावर गेलं. "बाई, हाऊ मानूस नई शे. त्याले बोलू नका." मी त्यांच्यावरच डाफरले, "आबा, तुम्ही तुमच्या पपया कापा!"

पोळा झाला, झडप उघडली. बाकीची पिल्लं चार दिवसांत निघून गेली. माझं मात्र रोज जाळीवरून सरकत सरकत यायचं आणि माझ्यासमोर लटकायचं. आमच्या डॉक्टरबाई माझ्या मुलापेक्षाही लहान. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"बाई, अजून आठ दिवस झडप उघडी ठेवू. नाही गेलं तर जन्मभर इथेच राहील. पंख धड असून."

"मग मी उद्यापासून येतच नाही."

"तुम्ही आला नाहीत तर ते वाट बघत बसेल. रोज या, समोर उभ्या राहा, पण बोलू नका. तुमच्याकडून आता काही मिळत नाही, हे त्याला कळू दे."

काय मेली शिक्षा! रोज संध्याकाळी मी तोंडाला कुलूप लावून उभी. पहिले दोन दिवस ते नुसतं बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी दुधासाठी ओरडायचं तसं चिरकलं. मी पदर दातांत धरला. सहाव्या दिवशी ते आलं, पण लगेच मागे फिरलं. मला इतका राग आला त्याचा, आणि इतकं रडू आलं.

आठव्या संध्याकाळी ते झडपेपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. मान वळवून खाली बघत होतं. मी 'ये' म्हटलं असतं तर ते आलं असतं, माझी खात्री आहे. शब्द ओठांवर होता. मी गिळला.

ते गेलं. चिंचांकडून कलकलाट येत होता, त्यात त्याचा आवाज कुठला, मला कळला नाही. आबा मागे पाटी घेऊन उभे होते. "बोला बाई आते," ते म्हणाले, "बठ्ठा गयात."

सगळी गेली होती खरी. मी पपयांची सालं गोळा केली आणि खोलीवर आले.

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, काय म्हणतेस?" त्याने नेहमीसारखं विचारलं. 'काही नाही रे' असं मी दर वेळी म्हणते. या वेळी म्हटलं, "तुझ्या बाबांना त्या संध्याकाळी मी गप्प बसा म्हणाले होते."

 मी फोन कानाला लावून, तो काय म्हणतो ते ऐकायला तशीच उभी राहिले.