शेंदराखालचा नंबर

अंकुशरावांना कशाची भीती वाटत नाही, हे कर्नाटकातल्या भालकीजवळच्या मेहकरात कुणालाच नीट सांगता येणार नाही. वीजबिल भरायला उशीर झाला की भीती, पंचायतीचा शिपाई दारावरून गेला की भीती, जावयाचा फोन आला नाही तर भीती आणि अवेळी आला तर जास्तच. नाव अंकुश, पण हत्ती सोडा, माणसानं कधी शेळीलाही दरडावलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. यांना न खाताच खवखवायचं. जन्मात कुणाच्या शेतातली शेंग उपटली नाही, तरी पोलिसांची गाडी दिसली की हे आपले रस्ता सोडून कडेला उभे.

अशा माणसाकडे एक जुनी जीप होती, आणि त्यांची भीती फक्त तिच्यापाशी थांबायची. स्टिअरिंगवर हात पडला की अंकुशराव वेगळेच दिसत. भाजीच्या पाट्या, तुरीची पोती भालकीच्या बाजाराला न्यायची, येताना वाटेतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना उचलून आणायचं. घर त्या जीपवर चालायचं. आणि खरं सांगायचं तर अंकुशरावही तिच्यावरच चालायचे.

तिचं मूळचं इंजिन इतका काळा धूर ओकायचं की मागून येणारा मोटारसायकलवाला तोंड पुसत, शिव्या देत पुढे जायचा. ते एकदाचं कायमचं बसलं, तेव्हा अंकुशरावांनी हैदराबादेहून, अपघातात मोडलेल्या एका नव्या जीपचं त्याच जातीचं इंजिन पक्क्या बिलावर आणलं. गावच्या तिप्पण्णा मिस्त्रीनं ते बसवलं. सरकारच्या दप्तरात मात्र जुनंच इंजिन राहिलं. नोंद करून घ्यावी लागते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यासाठी बीदरला आरटीओत जायचं, आणि ऑफिस म्हटलं की हे फाटकावरूनच परत. दसरा होऊ दे, मग बघू, असं म्हणता म्हणता कितीतरी दसरे होऊन गेले.

दर खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांबरोबर जीपचीही पूजा व्हायची. त्यांची बायको राजूबाई बॉनेट उघडायला लावायची आणि इंजिनाच्या कुशीला तळहाताएवढी एक सपाट जागा होती, तिथं तेलात कालवलेला शेंदूर लावायची. बाकी सगळ्या नळ्या आणि तारा. देवाला टेकायला तेवढीच जागा. थरावर थर चढत गेला, इंजिनाच्या उष्णतेनं भाजत गेला आणि अखेर दगडासारखा घट्ट झाला. नेमका तिथंच इंजिनाचा नंबर कोरलेला असतो, हे त्या माउलीला कोण सांगणार? तिप्पण्णाला ठाऊक होतं, पण तोही दरवर्षी हात जोडून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि निघून जायचा.

यंदा जीपच्या नोंदणीची मुदत संपली. जुन्या गाड्यांचे नियम आता कडक झालेत. धूर मोजायचा, गाडी तपासायची, सांगाड्याचा म्हणजे चासीचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवायचा, मगच पुढची मुदत; नाहीतर गाडी भंगारात. धुराच्या तपासणीत जीप पहिल्या फटक्यात पास झाली. तपासणाऱ्यानं कौतुकानं विचारलं, एवढ्या जुन्या गाडीचा धूर इतका स्वच्छ कसा काय? ते कौतुक ऐकूनच अंकुशरावांना घाम फुटला. आता इंजिनाचं सगळं सांगावं लागणार होतं.

त्यात भर घातली पुतण्यानं. शिवराज म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. हॉटेलात बशीत चहा ओतत तो म्हणाला, "काका, भंगाराचं इंजिन कुणाच्या चोरीचं हाय, कुणाला ठावं? बिल तर कुणीबी छापतंय. पलीकडच्या तालुक्यात असंच इंजिन निघालं म्हणून एकाला आत टाकलंय म्हणं."

झालं. त्या दिवसापासून अंकुशरावांची पाचावर धारण बसली. भाकरीचा घास तोंडात फिरू लागला. गाडी तर जाईलच, पण या वयात चोर म्हणून नाव लागेल, जावई काय म्हणेल, हातात बेड्या घालून बाजारातून नेतील की मागच्या रस्त्यानं, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला. बिलावरचा नंबर इंजिनावर आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. शेंदूर खरवडला असता तर मिटला असता.

पण राजूबाईनं निक्षून सांगितलं होतं, बसवलेला देव खरवडू नका, त्याच्यामुळंच आजवर गाडीला साधा ओरखडा आला नाही. देवाची भीती एकीकडे आणि सरकारची एकीकडे. खरं तर देव ही सबबच होती. शेंदराखाली भलताच नंबर निघाला तर, या कल्पनेनंच ते उघडलेलं बॉनेट पुन्हा लावून टाकायचे. जोवर बघत नाही तोवर आपण चोर नाही, असा त्या बिचाऱ्याचा हिशेब.

मग भीतीच्या भरात त्यांना एक युक्ती सुचली. भित्र्या माणसाला सुचलेल्या युक्तीसारखं घातक काही नसतं. ते तिप्पण्णाकडे गेले आणि म्हणाले, बिलावरचा नंबर शेंदराच्या बाजूला मोकळ्या जागेवर ठोकून दे. साहेब तो वाचतील, देवाला हात लावायचं कारणच पडणार नाही.

तिप्पण्णानं हातातला पाना खाली ठेवला. "अण्णा, हे कामून करायलाव? खरवडून बघू की एकदा."

अंकुशरावांनी त्याचे हातच धरले. इतक्या वर्षांचा संबंध; तिप्पण्णाचा नाइलाज झाला. त्यानं कानशीनं लोखंड घासलं, आकडे उमटवायचे ठसे पेटीतून काढले आणि एकेक आकडा हातोडीनं ठोकला. आठाचा आकडा जरा कलला. अंकुशरावांनी वरून ग्रीस आणि धूळ चोळली, लांबून पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

तपासणीच्या दिवशी बीदरच्या पठाराची लाल माती दिसू लागली तशी त्यांनी जीप हळू केली, मग आणखी हळू. आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग होती. तपासणीला मल्लेश्वरी नावाच्या बाई होत्या. कपाळावर ठळक कुंकू, हातात बॅटरी. अंकुशरावांच्या तोंडून आधी अक्का निघालं, मग मॅडम. बाईंनी सांगाड्याचा नंबर जुळवला, बॉनेट उघडायला लावलं, इंजिन बदललंय म्हणत अंकुशरावांनी पुढे केलेलं बिल हातात घेतलं आणि ठोकलेल्या नंबरावर बॅटरी धरली. एकेक आकडा जुळत गेला. अंकुशराव बॉनेट लावायला पुढेसुद्धा झाले.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड शेंदरावर गेला. बाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले. मग कन्नडमध्ये विचारलं, पूजा कोण करतं? अंकुशराव म्हणाले, बायको. बाई शांतपणे म्हणाल्या की या गाडीचा नंबर नेहमी इथंच असतो, आणि त्यांनी पटाशी मागवली. अंकुशरावांनी गाडीचा पत्रा धरला. पळून जावं असंही वाटलं, पण गाडी सोडून पळणार कुठं.

पटाशीच्या दोन ठोक्यांत शेंदराचं अख्खं कवच सुटून आलं. बाईंनी ते जमिनीवर पडू दिलं नाही, कागदावर ठेवलं. डिझेलच्या फडक्यानं लोखंड पुसलं आणि कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा लख्ख नंबर वर आला. बाई मोठ्यानं वाचू लागल्या. अंकुशराव प्रत्येक आकडा ओठातल्या ओठात म्हणत होते. शेवटचा आकडा आला. तोही बिलातलाच होता.

इंजिन चोरीचं नव्हतं. अंकुशराव चोर नव्हते, कधीच नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, आणि लाज न वाटता त्यांनी ते उपरण्यानं पुसलं. माणूस इतका सुखावला होता की बाई अजून वाकूनच आहेत, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

बाई एकदा सरळ ओळीतला नंबर बघत होत्या, एकदा कललेला आठ. बोटानं त्यांनी ग्रीस पुसलं. खाली कानशीचे ताजे ओरखडे चमकले.

"अप्पा," त्या आता मराठीत बोलल्या, "हा दुसरा कुणी मारला?"

भंगारवाल्यानं, असं म्हणता आलं असतं. ठाऊक न्हाई, असंही. तिप्पण्णाचं नाव तर जिभेच्या टोकावरच होतं. आयुष्यभर सावलीला भ्यालेला तो माणूस पत्रा सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "म्या मारला."

"कामून?"

"भ्यालो व्हतो."

बाईंनी बिलाची घडी घातली. मग म्हणाल्या, "इंजिन तुमचंच हाय. हा दुसरा नंबर नसता, तर आत्ताच नोंद करून गाडी दिली असती."

"मंग कानशीनं घासून टाकतो की, मॅडम. आत्ता टाकतो."

"ते बी गुन्हाच हाय, अप्पा."

बाईंना कीव आली होती, ते दिसत होतं. पण मैदानात चार माणसं बघत होती, आणि बघितलं ते लिहिणं त्यांना भाग होतं. नंबराशी छेडछाड, असं त्यांनी लिहिलं. गाडी आवारातच राहील, ठाण्याला कळवावं लागेल, चौकशीला बोलावतील तेव्हा यायचं. आजवर ज्या ज्या गोष्टीला अंकुशराव भ्याले, त्यांतलं एकही संकट खरं नव्हतं. हे पहिलं खरं, आणि ते त्यांनी स्वतः ठोकून घेतलं होतं. त्यांनी किल्ली दिली. बाईंनी शेंदराचं कवच कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं.

फाटकाबाहेर येतात तोवर राजूबाईचा फोन आला. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"अवो, नंबर निघाला का?"

"निघाला."

"कंचा?"

"बिलावरचाच. बराब्बर."

पलीकडून तिनं देवाचं नाव घेतलं, मग हसली, मग रडली. म्हणाली, मी म्हणतच होते, तुमी उगंच भिता. आपल्या गावच्या बाया भालकीच्या बाजारात गाडीची वाट बघायलेत, त्यांना येताना उचलून आणा, म्हणाली, आणि कवा निघायलाव ते विचारलं.

अंकुशरावांनी वळून बघितलं. फाटकाच्या आत जीपच्या काचेवर कुणीतरी खडूनं आकडा लिहीत होतं.

"तेंला सांग, वाट बघू नका," ते म्हणाले. "मी बसनं यायलोय."