कर्बाचे चार हात

मालवणच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना होडीतून तिच्यापर्यंत नेत. मी मुंबईला निघालो ती पावसाळ्याआधीची शेवटची बोट होती. ती चुकली असती तर पुढची थेट गणेशचवथीच्या सुमाराला. होडी सुटायच्या आधी आई गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला, पण पालथा. तळवा तिने माझ्यापासून लांब वळवून धरला होता.

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमची आई नेहमी तसाच हात फिरवायची. माझे वडील मी पाच वर्षांचा असताना वारले. तेव्हापासून ती भाताचं काम संपलं की गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात बसायची. भाजलेली काजी, म्हणजे सालीसकटच्या काजूबिया, लाकडी दांडक्याने फोडून आतला गर काढायचा, हे काम. काजीच्या सालीत तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, सोलपटते. बायका हाताला राख फासून बसत, तरी दोन्ही तळवे डांबर लावल्यासारखे होत. तेच तेल दुसऱ्याच्या नाजूक कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून पालथा हात.

मी होडीत चढता चढता म्हटलं, "नोकरी लागली की तुझे हात सुटले, आये."

"आधी होडयेत नीट बस," ती म्हणाली, "मगे माझ्या हातांचा बघ."

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बोटीने आलेल्यांना हे सांगावंसं वाटतं, कारण मुंबईत मी पुढे जे काही शिकलो ते सगळं त्या दोन हातांपाशी येऊन थांबतं.

रसायनशास्त्राची सुरुवात मात्र आमच्या गावच्या, मसुऱ्याच्या शाळेतच झाली. शास्त्राच्या मास्तरांकडे प्रयोगाचं सामान जवळजवळ नव्हतं. ते चिकणमातीचा गोळा करत, त्यात माडाच्या झावळीचे चार हीर टोचत आणि प्रत्येक हिराच्या टोकाला एक करवंद. गोळा म्हणजे कर्बाचा अणू, करवंद म्हणजे हायड्रोजनचा. "कर्बाला चार हात, प्राणवायूला दोन, हायड्रोजनला एक. कोणाचाही हात रिकामा राहता कामा नये." चार करवंदं लागली की मिथेन, म्हणजे खाजणात चिखल ढवळला की बुडबुडे येतात तो वायू. दोन गोळे एकमेकांना जोडले आणि उरलेल्या सहा हातांना सहा करवंदं लावली की इथेन. त्यातलं एक करवंद काढून, मधे प्राणवायू बसवून, ते परत लावलं की मद्यार्क. मास्तर हा शेवटचा रेणू फळीवर ठेवत आणि म्हणत, "हा घरी नेऊ नका रे. दारूबंदी आहे." बोंडूची, म्हणजे काजूच्या फळाची, दारू कोणाच्या घरामागे गळते ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, त्यामुळे त्या घरचा मुलगा खाली मान घालून बसायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी आईला सांगितलं, "आये, कर्बाक चार हात आसत."

ती तळव्यांना खोबरेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे त्येका सांग कारखान्यात ये. माणसा कमी पडतत."

मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत आम्ही अकरा जण राहायचो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका औषधाच्या दुकानात बाटल्या धुणं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी फळ्यावर सहा कर्बांचं कडं काढलं. ते इंग्रजीतून भराभर शिकवत. मला भाषा निम्मी कळायची, म्हणून मी मास्तरांच्या पद्धतीने हात मोजले. प्रत्येक कर्बाचा एक हात या बाजूच्या शेजाऱ्याला, दोन हात त्या बाजूच्या शेजाऱ्याला, चौथा कड्याबाहेर. एक, दोन आणि एक, चार. हिशेब जमला, आणि डोळ्यांसमोर चवथीची फुगडी उभी राहिली. गणपतीपुढे बायका हातात हात धरून असाच गोल करतात.

फुगडीत आमच्या आईचा तळवा मात्र कोणी धरत नसे. दोन्ही बाजूंच्या बायका तिचं मनगट धरत. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आईच आपणहून मनगटं पुढे करायची. सगळी फुगडी तळव्यांनी जोडलेली आणि एका ठिकाणी मनगटांनी.

कड्याबाहेरच्या एखाद्या हाताने हायड्रोजन सोडून प्राणवायू आणि हायड्रोजनची जोडी धरली की त्या पदार्थाला फेनॉल म्हणतात, आणि फेनॉल कातडी जाळतो. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं. काजीच्या तेलाशी त्याचा संबंध मला लागला तो पुढे, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी मिळाल्यावर. पहिल्याच आठवड्यात तपासणीसाठी एक पिंप उघडलं. आत दाट, काळपट तेल. वास आला आणि मी दोन पावलं मागे सरलो. आमच्या घरी दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याचा तो वास होता.

"काजूच्या सालीचं तेल," बरोबरचे गृहस्थ म्हणाले. "व्हार्निशला फार चांगलं. पाण्याला दाद देत नाही."

त्याची रचना मी त्या दिवशी मुद्दाम बघितली. सहा कर्बांचं कडं. त्याच्या एका हातावर ती जाळणारी जोडी. एक कर्ब सोडून पुढच्याच्या हातात पंधरा कर्बांची लांब शेपटी. सहा आणि पंधरा, एकवीस. जोडी कातडी जाळते आणि शेपटीमुळे ते पाण्याने धुऊन जात नाही. आई रोज घासून घासून हात धुवायची आणि म्हणायची, "माझाच नशीब काळा." नशिबाचा तिथे काही प्रश्न नव्हता. पण हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचलं नाही.

आमच्या घरी पहिलं मूल व्हायचं होतं तेव्हा आई मुंबईला आली. दहा महिने राहिली. तिसऱ्या महिन्यापासून तळव्यांची काळी सालं सुटू लागली आणि खालून तांबूस, मऊ कातडी आली. ती उजेडात हात धरून माझ्या बायकोला विचारायची, "हे हात कोणाचे गो? माका वळखूक येनत नाय." बायको हसायची. मला वाटलं, होडीत चढताना बोललो ते झालं.

त्या वर्षी चाळीतल्या गणपतीपुढे शेजारणींनी तिला फुगडीत ओढलं. आई कड्यात उभी राहिली आणि तिने दोन्ही मनगटं पुढे केली. शेजारच्या मुलीला काही ठाऊक नव्हतं. तिने सरळ तळवा पकडला. आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, मग त्या मुलीकडे बघून ओशाळली आणि परत दिला. गाणं संपेपर्यंत ती फिरली. पण तिचं लक्ष सगळा वेळ आपल्या हातांकडे होतं.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर आईने गावी जायचं काढलं. मी नको म्हटलं, चिडलोही.

"हात गोरे करून बसूक मी काय खोतीण?" ती म्हणाली. "रिकामे हात खाजतत माझे. थंय माझी बसायची जागा आसा."

मास्तरांनी सांगितलं होतं, कर्ब हात रिकामा ठेवत नाही. एक बंध तुटला तर तो दुसरं काहीतरी धरतो. मी तिला भाऊच्या धक्क्यावर पोचवलं. जाताना तिने नातीच्या गालावरून हात फिरवला. तळवा स्वच्छ होता, तरी पालथाच.

ती गेली ते पुढच्या एका पावसाळ्यात. तार आली तेव्हा बोटी बंद होत्या. मी कोल्हापूरवरून एस.टी.ने घाट उतरून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कारखान्यात तिच्याशेजारी बसणाऱ्या काकी ओट्यावर होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, "काकी, हात कसे होते तिचे?"

त्यांना प्रश्न समजला. पावसाकडे बघत म्हणाल्या, "राखेन धुतले, चिचेन धुतले. पण ता काळा काय गेला नाय, झिला."

मसुऱ्याचं घर आता बंद असतं. चवथीला जमलं तर जातो, कुलूप काढतो, पाच दिवस राहतो. गाव कुठलं म्हणून कोणी विचारलं तर मसुरं सांगतो. पण घर म्हटलं की मला भिंती किंवा अंगण आठवत नाही. गालावर बोटांच्या मागच्या बाजूची हाडं आठवतात.

कारखान्यातून आलो की मी रॉकेलने आणि मग साबणाने हात धुतो. ते स्वच्छ होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मुलीच्या गालावरून हात फिरवताना तो पालथाच जातो. परवा तिने माझा हात धरला, उलटा करून तळवा नीट पाहिला आणि विचारलं, "बाबा, याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. मग आपला हात पालथा करून माझ्या गालावरून फिरवला.