वंगणाची खोली

पाणीपुरवठा कचेरीत तिला सगळे नकाशाबाई म्हणत. शहराच्या पोटातले पाइप कागदावर आणायचे, कुठला कुठे वळतो, कुठे व्हॉल्व्ह आहे ते दाखवायचं, हे तिचं काम. बावीस वर्षांत तिने मापाशिवाय एक रेघ ओढली नव्हती. अशी बाई आठवड्यातून दोन-तीन सकाळी, कामावर निघण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अवकाशात भटकणाऱ्या एका भंगार यानाची चित्रकथा काढते, असं कोणी कचेरीत सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

यानाचं नाव 'गळकं'. कुठेच न खपलेली माणसं त्यात भरलेली. यान हललं की कप्तानाला उलटी होते, म्हणून तो कायम बादली घेऊन फिरतो. स्वयंपाक्याला वास येत नाही. वाट दाखवणारी बाई दर ग्रहावर उतरून पत्ता विचारते आणि सांगणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवत नाही. कुंडीतलं एक रोपटं आहे, ते काहीच करत नाही आणि हुद्द्याने सगळ्यांत मोठं आहे. आणि पाचवा वंगण, इंजिन सांभाळणारा.

दर गुरुवारी तिचा नवरा ती पानं इंटरनेटवर चढवायचा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि हसण्याच्या बाबतीत अगदी हिशेबी होता. पान बघून "बरं आहे" म्हणायचा, संपलं. तरी दहा-अकरा हजार लोक ते वाचत होते, आणि त्यातले निम्मे वंगणासाठी येत होते. "यान फुटायला आलंय म्हणून मला उठवू नका, फुटलं की उठवा," असली त्याची वाक्यं लोक एकमेकांना पाठवत.

आता खरी गोष्ट सांगायची तर ती वाक्यं नकाशाबाईची नव्हती. ती पंपमामांची होती.

कचेरीमागच्या पंपघरात मामा एकतीस वर्षं मोटरी सांभाळत होते. रोज चार वाजता आपला स्टीलचा पेला घेऊन ते नकाशाबाईच्या खोलीत यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि चहा संपेपर्यंत कुरकुर करायचे. साहेबांवर, मोटरींवर, चहावरसुद्धा. तिच्या टेबलावरच्या नकाशात डोकावून "इथे चुकलंय" एवढंच म्हणायचे. चूक नसली तर गप्प बसायचे. त्यांच्या तोंडून 'बरोबर आहे' हे शब्द कचेरीत कोणीच ऐकले नव्हते. ते गेले की बाई त्यांचं एखादं वाक्य जुन्या कागदाच्या पाठीवर टिपून ठेवायची. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

मग कचेरीत नवीन कारकून आला. एका दुपारी त्याने जेवताना, बाईच्या देखतच, मामांपुढे मोबाइल धरला. "मामा, हे बघा, हा माणूस अगदी तुमच्यासारखा बोलतो." मामांनी चष्मा लावला, उभ्याउभ्या दोन पानं वाचली, त्यात चारच्या चहावेळची आपलीच वाक्यं ओळखून बाईकडे एकदा बघितलं, "हं" म्हणाले आणि पंपघरात निघून गेले. त्या दिवशी चार वाजता स्टूल रिकामं राहिलं.

दुसऱ्या दिवशीही रिकामंच. तिसऱ्या दिवशी पंपघराच्या दारात मामा दिसले, तिने हात केला, ते आत वळले. माणूस विश्वासाने आपल्यापाशी मन मोकळं करतो आणि आपण ते अकरा हजार लोकांना वाटून टाकतो, याला चोरी नाही तर काय म्हणायचं? तिला स्वतःची लाज वाटली. त्या आठवड्यात, जवळजवळ सात वर्षांत पहिल्यांदा, गुरुवार कोरा गेला.

"मामांना जाऊन विचार ना सरळ," नवरा म्हणाला.

"काय विचारू? तोंड आहे का मला?"

दहाव्या दिवशी चारच्या ठोक्याला मामा आले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात शाळेतल्यासारखी वही. स्टुलावर बसले.

"पहिल्यापासून वाचलं. तीनशे साठ भाग."

"मामा, मी बंद करते ते. चुकलं माझं, तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं, ते खरं. पण बंद करा असं मी म्हटलं का? चुका लिहून आणल्यात." त्यांनी वही उघडली. "भाग सत्तावीस, पंप उलटा बसवलाय. भाग नव्वद, व्हॉल्व्ह उघडा टाकून वंगण जेवायला जातो. मी असं जन्मात केलेलं नाही. भाग एकशे बारा, सांडपाण्याच्या पाइपला ढाळ दिलाय. बाई, अवकाशात खाली कुठे असतं?"

बाईने कपाळावर हात मारला. हाताची सवय, दुसरं काय. पाइप काढला की ढाळ द्यायचाच. दहा दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. मामा हसले नाहीत.

"एक्केचाळीस आहेत. बाकीच्या तुम्ही वाचा. ही शेवटची तेवढी सांगतो." त्यांनी कारकुनाकडून छापून घेतलेला एक कागद टेबलावर पसरला. दोनशेव्या भागात तिने हौसेने काढलेला यानाचा पूर्ण नकाशा होता तो. मामांचं बोट दारादारांवरून फिरलं. "ही कप्तानाची खोली. ही स्वयंपाक्याची. ही त्या बाईंची. ही रोपट्याची, खिडकीसकट. वंगण झोपतो कुठे?"

बाईने कागद जवळ ओढला. इंजिनघर होतं, कोठार होतं, बादल्या ठेवायचा कोनाडासुद्धा होता.

"तिथेच... इंजिनापाशी," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला. टाकीपर्यंत शिडी दाखवली नाही म्हणून मंजुरीला आलेले लोकांचे नकाशे परत पाठवणारी बाई ती. पाचांपैकी एका माणसाला खोली द्यायला विसरली होती, आणि सात वर्षांत तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"हसतात म्हणून राग नाही," मामा म्हणाले. "मी आहेच तसा. पण तीनशे साठ भाग तो माणूस उभाच आहे, बाई." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी निवृत्त. कचेरीचं क्वार्टर सोडायचं. पुतण्या म्हणतो, हॉलमध्ये पलंग टाकू. चांगला आहे बिचारा, जागा नाही त्याच्याकडे. म्हणून आपलं, दारं मोजली गेली."

बाई उठली. खणातून मोजायची टेप काढली.

"चला, मामा."

"कुठे?"

"तुमच्या खोलीत. मला माप लागेल."

कचेरीच्या मागच्या दारापासून ती खोली सत्तर पावलांवर होती. बावीस वर्षांत बाई तिथे एकदाही गेली नव्हती. एक पलंग, एक खुर्ची, खुंटीवर दोन सदरे, खिडकीत घासून चकचकीत केलेल्या जुन्या बेअरिंगांची रांग. पलंग पंपघराच्या भिंतीला चिकटवलेला होता आणि उशीच्या वर, हाताच्या उंचीवर, भिंतीचा रंग गेला होता.

"भिंतीला हात लावून झोपतो," मामा म्हणाले. "मोटर चालू असली की कळतं. मग झोप लागते."

तिने टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"नऊ बाय अकरा आहे," मामा म्हणाले.

"मोजल्याशिवाय मी लिहीत नाही." ती भिंतीशी वाकली. "आठ फूट अकरा इंच."

"एक इंच खाल्ला म्हणजे. एकतीस वर्षांनी कळतंय."

"यानात काय काय हवं?"

मामांनी विचार केला. "खिडकी नको, बाहेर बघण्यासारखं काय आहे? दाराला आतून कडी. आणि पलंग असाच, इंजिनाच्या भिंतीला."

त्या गुरुवारच्या भागात विनोद नव्हता. रोपट्याला त्याच्या खोलीतून कुंडीसकट बाहेर काढून तिने इंजिनाशेजारी एक खोली बसवली होती, सगळी मापं घालून. खालच्या चित्रात एक बंद दार, आणि बाहेर बादली घेतलेला कप्तान, दार वाजवायला उचललेला हात मागे घेताना.

नवऱ्याने बराच वेळ पान बघितलं. "यात हसायचं कुठे?"

"आज नाही हसायचं."

तो "बरं आहे" म्हणाला नाही. गुपचूप पान चढवलं.

दुपारपर्यंत खाली शेकडो लोकांनी लिहिलं. विनोद कुठे गेला, वंगण आजारी आहे का, रोपटं राजीनामा देणार का. त्या सगळ्यांच्या खाली, ना फोटो ना नाव, एकानेच लिहिलं होतं: "लांबी तपासली. रुंदीही तपासली. बरोबर आहे."

बाईने ते वाचलं, चष्मा काढून ठेवला, आणि चार वाजायच्या आधीच कोपऱ्यातलं स्टूल पुसून घेतलं.